पैसे देऊन का मोकळे होत नाही?

माझं प्लंबिंगचं काम चिपळूणमध्ये आहे. पावसाळा सोडला तर महिन्यातले दोन रविवार आम्ही सहा जण, तीन प्लंबर, एक गवंडी, एक वायरमन आणि एक वेल्डर, आसपासच्या वाड्यांवर पाण्याची नि संडासाची कामं करायला जातो. मजुरी घेत नाही. "एवढा जीव काढण्यापेक्षा पैसे जमवून कंत्राटदाराला द्या की," असं गिऱ्हाईकं म्हणतात, गणपतीला आलेले चाकरमानी म्हणतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. त्यानंतर मदत भरपूर आली, आणि त्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही. तांदूळ, चादरी, पाण्याच्या बाटल्या, सगळं आलं. पण आमच्या आळीची विहीर चिखलाने भरलेली आणि पंपाची मोटार गाळात. चौथ्या दिवशी घाटावरून दोन अनोळखी वायरमन आले. त्यांनी मोटार खोलली, धुतली, सुकवली. विहीर उपसून टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकली आणि मगच ते जेवायला बसले. कुणाला कशाची गरज असते, ते मला त्या दिवशी कळलं.

आता पैशांचं. पैसे बहुतेक वाड्यांवर पोचलेलेच असतात हो. संगमेश्वराकडच्या एका वाडीवर गेलो, तर रंगवलेली टाकी उभी, पाइप पुरलेला, दारोदारी नळ. आणि बायका हंडा-कळशी घेऊन पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, चाललेल्या. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण सड्याचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराचा, जांभा दगड सच्छिद्र. पाणी मुरतं, झिरपतं, खाली निघून जातं, आणि एप्रिलात विहिरी तळ दाखवतात. या वाडीचा वरचा झरा मात्र बारमाही. टाकीपेक्षा बराच उंच, म्हणजे मोटारही नको; उंचीत 10 मीटरचा फरक असला की चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो दाब मिळतो. तरी टाकीत थेंब नाही. दोन उन्हाळे.

आम्ही झऱ्यापासून लाइन चालत आलो. पाइप तीन ठिकाणी उंचवट्यावरून गेलेला, आणि एकाही ठिकाणी एअर व्हॉल्व्ह, म्हणजे हवा बाहेर सोडणारी झडप, नाही. पाइपातली हवा वरच्या वाकात जाऊन बसते नि मागचं पाणी अडवते. पहिल्या उंचवट्यावर सांधा सैल केला तर फुस्स करून हवा सुटली, कुकरच्या शिट्टीसारखी, बराच वेळ. मग गढूळ पाणी थुंकल्यासारखं आलं, थांबलं, पुन्हा आलं. तिन्ही जागी व्हॉल्व्ह बसवले आणि सगळ्यात खोलगट जागी गाळ काढायला एक वॉशआउट. दुपारपर्यंत टाकीत धार पडली. खर्च लाइनच्या मानाने काहीच नाही. ज्यांनी ती टाकली त्यांचा मला आजही राग येतो.

एक सूनबाई सकाळपासून आमच्याबरोबर चालत होती. निघताना म्हणाली, "दादा, ह्यो पाना माझ्याकडंच ऱ्हाऊदे." दिला. आज ती लाइन तीच सांभाळते. वॉशआउट खोलते, टाकीत टीसीएल किती टाकायची तेही तिला पाठ आहे.

पाण्याबरोबर संडास येतोच. पाणी नव्हतं तेव्हा त्या वाडीतल्या संडासांत लाकडं नि गोवऱ्या रचलेल्या होत्या. हंडाभर पाणी डोक्यावरून आणणारी बाई ते तिथे कसं ओतणार? दोन खड्ड्यांचा संडास कोकणाला चांगला, पण त्याची अक्कल सगळी चेंबरमध्ये, म्हणजे संडासाचा पाइप दोन खड्ड्यांकडे फुटतो त्या छोट्या हौदात, आहे. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा, दुसऱ्याचं तोंड बंद. पहिला भरला की दुसऱ्याकडे वळवायचं; बंद खड्ड्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत कोरडं, वास नसलेलं खत होतं. आम्ही झाकणं उघडली, तर घरोघरी दोन्ही तोंडं उघडी! म्हणजे दोन्ही खड्डे एकदमच भरणार, आणि मग ओला मैला कुणीतरी उपसायचा. हे कुणाच्याही नशिबी येऊ नये. आमच्या गवंड्याने प्रत्येक चेंबरमध्ये एका तोंडाला एक वीट लावली, मातीने लिंपली. एक वीट.

एका घरी मात्र नाही म्हणालो. त्यांना नवा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला हवा होता. जांभ्यात घाण कुठून कुठे जाईल याचा नेम नाही, म्हणून आम्ही विहिरीपासून 15 मीटरच्या आत खड्डा घेतच नाही, आणि घेतो तो उताराच्या खालच्या बाजूला. घरधनी रागावले. पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच परसातली खालची जागा दाखवली.

नळाने माणशी रोज 55 लिटर, हे जलजीवन मिशनचं माप 2019 पासून ठरलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण ते 55 लिटर सांध्यासांध्यातून येतात. सांधा गळला की तो आवळणारं माणूस वाडीतच लागतं, आणि ते बरोबर काम केल्याशिवाय तयार होत नाही. म्हणून आम्ही जातो.

येत्या रविवारी सड्यावरच्या एका धनगरवाड्यावर जायचंय. तिथलीही टाकी कोरडी आहे. एअर व्हॉल्व्ह दोन घेतलेत. पाने मात्र चार घेतलेत, तिथेच ठेवून यायला.