कण्हण्यावर मिळणारा चहा

घरी जाऊन फिजिओथेरपी करण्यात पैसा कमी आणि पेट्रोल जास्त, तरी मी ते सोडत नाही. दवाखान्यात टेबलावर एकटा पेशंट असतो. घरी त्याच्याभोवतीची माणसंही दिसतात, आणि निम्मा आजार कधीकधी तिथंच सापडतो.

सांगलीतलं घर. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, कंबरदुखी जुनी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) एमआरआय झालेला, ऑपरेशनची गरज नाही असं सर्जननी सांगितलेलं. पायात बधिरपणा नाही, ताकद उत्तम, लघवी-संडासची तक्रार नाही. तरी दिवसातले बहुतेक तास पलंगावर. कमरेला पट्टा, उशाशी मलम आणि गरम पाण्याची पिशवी.

तपासणी झाल्यावर मी कोपऱ्यातल्या खुर्चीत कागद भरत बसले. मुद्दामच वेळ लावला. थोड्या वेळानं काका मला विसरले. कुशीवर वळले, पलंगाखाली गेलेला चष्मा वाकून उचलला, पेपर उघडला. चेहऱ्यावर वेदनेची रेघ नाही. तेवढ्यात काकूंच्या बांगड्या वाजल्या. पेपर खाली, हात कमरेवर, "आई गं." काकूंनी "फार कळ मारतेय का हो?" म्हणत पिशवी बदलली, पाठ चोळली, आणि पाठोपाठ चहा पलंगावर आला. सून कामावरून आली तेव्हा हेच सगळं पुन्हा. नातू मात्र कानात इअरफोन घालून सरळ आत निघून गेला. त्याच्या वेळी काका कण्हलेच नाहीत.

हे सांगितलं की लोक पटकन म्हणतात, म्हणजे नाटकच की! मला ते मान्य नाही. काकांना दुखत होतंच. पण दुखणं आतलं, कण्हणं बाहेरचं. जे बाहेर दिसतं, ऐकू येतं, त्यावर भोवतालची माणसं काहीतरी करतात. त्यांच्या करण्यानं ते वाढतं किंवा कमी होतं. कण्हणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं उंदरांवरच्या प्रयोगांतून १९३८ साली हे मांडलं. दांडी दाबल्यावर अन्नाची गोळी मिळाली की उंदीर दांडी अधिक वेळा दाबतो. पुढं सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञानं तोच नियम जुनाट दुखण्याच्या रुग्णांना लावला. त्याचा आणि सहकाऱ्यांचा पहिला लेख १९६८चा. त्यानं पाहिलं ते साधंच होतं. रुग्णाला गोळी मिळते ती दुखल्यावर, आराम मिळतो तो दुखल्यावर, नर्स जवळ येते तीही दुखल्यावर. चांगल्या गोष्टी सगळ्या दुखण्याच्या मागून येतात. त्यानं क्रम फिरवला. गोळी घड्याळाप्रमाणे, दुखो न दुखो. आराम ठरलेला व्यायाम पुरा झाल्यावर. आणि कर्मचाऱ्यांचं लक्ष, कौतुक, गप्पा रुग्ण हिंडता-फिरता असताना.

या घरात तर दोन्ही बाजू एकमेकांना शिकवत होत्या. काका कण्हले की काकू येत, आणि काकूंनी पाठ चोळली की कण्हणं थांबे. ते थांबणं हेच काकूंचं बक्षीस. नकोशी गोष्ट थांबली की ती थांबवणारी कृतीही पक्की होते.

गोळ्यांच्या वेळा त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवल्या. चालण्यासाठी आधी काकांनाच सांगितलं, पडवीत जमेल तितक्या फेऱ्या मारा, दुखून थांबावं लागेल तो आकडा लिहा. आठच्या आसपास यायचा. मी सुरुवात ठरवली पाचची. काकांना अपमान वाटला. "एवढ्या तर मी झोपेत मारीन." मारू नका म्हटलं, पाचच. दुखलं म्हणून चौथ्या फेरीला बसायचं नाही आणि बरं वाटतंय म्हणून सहावी मारायची नाही. बरं वाटलं त्या दिवशी बाजारापर्यंत जाऊन येणारी आणि मग आठवडाभर आडवी होणारी माणसं मी खूप बघितलीत. दुखेपर्यंत चालायचं आणि मग झोपायचं, यात शरीर शिकतं ते एवढंच, की दुखलं की सुटका. काम पुरं झाल्यावर बसलं तर तीच विश्रांती चालण्याचं बक्षीस होते.

मुलानं उत्साहानं पावलं मोजणारं घड्याळ आणलं. ते लगेच कपाटात गेलं. देणाऱ्याला बक्षीस वाटलं म्हणून ते बक्षीस होत नाही. ज्यानं वागणं वाढतं तेच बक्षीस. म्हणून काकांना विचारलं, ड्यूटी सुटल्यावर काय करायचात? तर नाक्यावरची टपरी, तिथं जमणारे जुने ड्रायव्हर-कंडक्टर, आणि घाटात कुणी कशी गाडी काढली यावरचे वाद. ती मंडळी अजून जमत होती. अधूनमधून काकांना बघायला यायची, पण पलंगाशी बसून बोलायची फक्त कमरेबद्दल! टपरी किती फेऱ्यांवर आहे ते आम्ही मोजलं आणि आकडा भिंतीवर लावला.

अवघड गेलं ते काकूंना. "दुखतंय म्हणणाऱ्या माणसाकडं बघायचं नाही? लोक काय म्हणतील मला?" प्रश्न रास्त होता. त्यांना सांगितलं, काहीही बंद करायचं नाही, फक्त वेळ हलवायची. पाठ चोळा, पण फेऱ्या झाल्यावर. चहा द्या, पण पडवीतल्या खुर्चीत. आणि 'दुखतंय का' हा प्रश्न विचारायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात मुलाचा फोन आला, "मॅडम, बाबांचं वाढलंय." जाऊन पुन्हा नीट तपासलं, अशा वेळी 'हे होणारच' म्हणून घरी बसणं धोक्याचं असतं. पाय, ताकद, संवेदना, सगळं पहिल्यासारखं. वाढलं होतं ते कण्हणं. रोज मिळणारं एकाएकी बंद झालं की जुनं वागणं विझण्याआधी उसळतं. दाणे बंद झाल्यावर कबूतरही बटणावर आधी जास्त जोरात चोची मारतं. पण अडचण तिथं नव्हती. काकू दोन हाकांना गप्प राहायच्या आणि तिसरीला उठून जायच्या. त्यामुळं काका शिकले काय, तर तीनदा कण्हायचं. कधी मिळतं, कधी नाही, अशा हिशेबानं शिकलेली सवय सगळ्यांत चिवट, हे फर्स्टर आणि स्किनरनी १९५७ साली सविस्तर दाखवलंय. काकूंना एवढंच म्हटलं, जायचंच असेल तर पहिल्या हाकेला जा, नाहीतर जाऊच नका. त्यावर सून फेऱ्यांच्या वेळी काकूंना घेऊन भाजी आणायला जाऊ लागली. तो उपाय माझा नव्हता, पण माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा चांगला निघाला.

काका टपरीपर्यंत गेले. कंबर अजून दुखते, तसं ते सांगतातही. पट्टा मात्र नातवाच्या क्रिकेटच्या किटमध्ये सापडला.

शेवटच्या भेटीत निघताना काकू सहज म्हणाल्या, "माझा हा हात वर जात नाही बरेच दिवस. वेणी घालताना अडतं." बघितलं, तर खांदा आखडलेला. बाहेर वळवायला गेलं की जेमतेम हलायचा, आणि वर जाणं निम्म्यावर अडत होतं. काकूंना मधुमेह आहे, त्यात हे जास्त होतं. याच हातानं त्या इतके दिवस काकांची पाठ चोळत होत्या. घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या कधी कण्हल्याच नव्हत्या. मुलगा म्हणाला, "आई, बोलायचं नाही का?" मी बॅग परत खाली ठेवली, काकूंना खुर्चीत बसवलं, आणि काकांना सांगितलं, आजचा चहा तुम्ही करा.