वडिलांची पलटणीतली नोंद: चिपळूण ते रत्नागिरी, चार दिवस

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी कामाची गोष्ट आधी सांगते. वडील लष्करात होते आणि त्यांच्या सेवेचा कागद हवा असेल तर त्यांचं ‘सर्व्हिस रेकॉर्ड’ मागू नका, ‘लाँग रोल’मधल्या, म्हणजे कायम जपून ठेवलेल्या नोंदवहीतल्या, नोंदीचा उतारा मागा. एवढं एक वाक्य मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर साडेसहा हजार रुपये आणि दीड वर्ष वाचलं असतं. शेवटी ते सांगितलं ऐंशीच्या घरातल्या एका माणसाने, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला एप्रिलच्या उन्हात कातळावरून तीन तास चालावं लागलं.

बाबा १९६३ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि १९७३ला गावी परत आले. १९७१च्या डिसेंबरात ते पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढाईत होते. घरात त्याबद्दल फार बोलत नसत. नदी रात्री ओलांडली, वाळू बर्फासारखी गार होती, एवढंच मी त्यांच्या तोंडून ऐकलं. नोकरी दहा वर्षांची, आणि पेन्शनला पंधरा लागतात, त्यामुळे पेन्शन नाही. २००९ साली बाबा गेले. त्यांचं डिस्चार्ज बुक चिपळूणला काकांच्या घरी पत्र्याच्या पेटीत होतं. २२ जुलै २०२१च्या पुरात काकांचा तळमजला गेला, त्यात तेही गेलं.

कागद हवा होता तो आईसाठी. पेन्शन नसलेले, पासष्टी ओलांडलेले, हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत मिळू शकते. पण त्याआधी सैनिकाची विधवा म्हणून ओळखपत्र लागतं, आणि ओळखपत्राला सेवेचा पुरावा. दुसरं कारण माझं स्वतःचं होतं. ‘हा पलटणीतून पळून आला’ हे वाक्य मी भावकीत लहानपणापासून ऐकत आले आहे. गणपतीला सगळे जमले की कुणीतरी हमखास काढायचं, आणि बाबा उठून अंगणात जायचे.

आता त्या साडेसहा हजारांबद्दल. एका सरकारी आवाराबाहेर टपरीवर बसणाऱ्या माणसाने मला सांगितलं की पन्नास वर्षांपूर्वीचं रेकॉर्ड जळालं, पण आत त्याची ओळख आहे, ‘डुप्लिकेट’ निघेल. मी पैसे दिले. दोन महिन्यांनी त्याने टाइप केलेला एक कागद दिला, त्यावर गोल शिक्का. शिक्क्यात पलटणीच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं होतं. असा कागद चुकून कुठे सादर केला असता तर आईवरच बालंट आलं असतं. लष्कराची नोंद काढून देणारा एजंट नावाचा प्रकार अस्तित्वात नाही. जो तसं म्हणेल त्याला चहासुद्धा पाजू नका.

पहिला दिवस चिपळूण, बाबांचा पलटणीतला नंबर शोधायला. पेटी माळ्यावर होती. पुरानंतर काकूने धुऊन, उन्हात वाळवून ठेवली होती. आत काही नाही, पण झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने बाबांनी नंबर, हुद्दा, नाव घातलेलं, जवानांच्या पेट्यांवर असतं तसं. गंजाने अर्धं खाल्लेलं. ओल्या फडक्याने हलकं पुसलं तेव्हा चार आकडे स्पष्ट वाचता आले, सुरुवात २७ने. मग पत्र्याला फोड आलेले आणि पुढचे तीन आकडे गायब. हे सांगते एवढ्यासाठी की तुमच्याकडे अशी पेटी असेल तर घासू नका आणि रंग तर मुळीच देऊ नका. आधी फोटो काढा, बॅटरी आडवी धरून. उजेड बाजूने आला की उठाव दिसतो.

दुसरा दिवस आत्याकडे, गुहागर तालुक्यात. तिच्या देव्हाऱ्यात बाबांचं संग्राम मेडल होतं, १९७१च्या लढाईबद्दल मिळालेलं. रिबन कधीच कुजून गेलेली. आत्या ते दर दसऱ्याला देवाच्या भांड्यांबरोबर आमसुलाने घासत आली, पन्नास वर्षं. मेडलच्या कडेवर इंग्रजीत बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेलं असतं, हे फार जणांना माहीत नसतं. मलाही नव्हतं, चुलतभावाने सांगितलं. घासून घासून ती कड गुळगुळीत झाली होती. पातळ कागद कडेला गुंडाळून वरून पेन्सिल आडवी फिरवली तेव्हा आकडे उमटले. शेवटचा आकडा तीन की आठ ते मात्र ठरेना. आत्या बाजूला बसून सारखी म्हणत होती, ‘माझ्या हातानं पुसलं गो मी त्याचं नाव.’ तिला समजावण्यात संध्याकाळ गेली.

इथेच आणखी एक घोळ लक्षात आला. मेडलवर आडनाव वेगळं होतं. शाळेच्या दाखल्यावर आमचं कुळाचं आडनाव आहे, पलटणीत गावावरून पडलेलं. कोकणातल्या किती घरांत हे असेल! अर्जात दोन्ही आडनावं लिहा, नाहीतर नोंद समोर असून सापडायची नाही.

तिसरा दिवस मी विसरणार नाही. बाबांच्या पलटणीतले एक काका शास्त्री खाडीच्या अलीकडे, तवसाळच्या आतल्या बाजूला एका वाडीत राहतात असं कळलं होतं. ओळखीच्या एकाने फोनवर सांगितलं, ‘फाट्यावर उतरा, तिथून दहा मिनिटं.’ सकाळची एसटी चुकली म्हणून रिक्षा केली. चौदा किलोमीटरला नऊशे रुपये घेतले आणि फाट्याच्या दीड किलोमीटर अलीकडेच, पुढे रस्ता खराब म्हणून, उतरवलं. रस्ता अजिबात खराब नव्हता, आम्ही त्यावरूनच चालत गेलो. भाडं बसण्याआधी ठरवा आणि ‘फाट्यापर्यंत’ हा शब्द बोलून घ्या. एसटी मिळत असेल तर रिक्षा करूच नका.

फाट्यावरून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढते ती ठीक आहे, वीस मिनिटं, आंब्या-काजूची सावली आहे. पाखाडी संपली की सडा लागतो, आणि तिथे आमचे हाल झाले. काळा कातळ, झाड नाही, झुडूप नाही, साडेदहालाच खालून धग. बुटाच्या तळव्यातून चटका जाणवत होता. वाट कातळावर उमटत नाही, त्यामुळे ती कुठे फुटते तेच कळत नाही. जांभ्याच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने गेलो, गडगा संपला, दुसरा लागला, आणि पाऊण तासाने पहिल्याच गडग्याशी परत आलो. फोनला रेंज नाही. आमच्याकडे दोघांत मिळून दीड लिटर पाणी होतं, ते साडेअकराला संपलं. चुलतभाऊ सह्याद्रीतले गड चढणारा माणूस आहे, तोही खाली बसला. शेवटी गुरं घेऊन जाणाऱ्या एका बाईने विजेचे खांब दाखवले आणि म्हणाली, ‘ह्यांच्या खालनं जावा, खांब वाडीतच जातंत.’

तेव्हा नीट ऐका. माणशी दोन लिटर पाणी, कमी नाही. सकाळी सातच्या आत सड्यावर असा. पायवाट शोधू नका, खांब धरा. मार्च ते मे या दिवसांत दहानंतर निघायचं असेल तर जाऊ नका, दुसऱ्या दिवशी जा. आणि कोकणात कुणी ‘दहा मिनिटं’ म्हणालं की विचारा, कुणाच्या पायाने? सांगणाऱ्याने ती वाट जन्मभर तुडवलेली असते.

काका ओटीवर बसले होते. आम्ही कोण, कुठले, त्यांनी काही विचारलं नाही. तांब्या पुढे केला, आम्ही पाणी पिऊन होईपर्यंत थांबले, मग म्हणाले, ‘नंबर काय?’ मी सहा आकडे सांगितले आणि शेवटचा तीन किंवा आठ म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. मग बाबांचं पलटणीतलं आडनाव घेतलं. मी नाव सांगितलंच नव्हतं. मला रडू आवरलं नाही.

हे काका कंपनीच्या ऑफिसात क्लार्कच्या हाताखाली होते, कागदांची त्यांना माहिती. त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत तसंच उतरवून घेतलं. पेन्शन नसलेल्या जवानाचे सेवेचे कागद तो पलटणीतून सुटल्यावर २५ वर्षांनी नष्ट करतात, नियमच आहे तो. म्हणजे बाबांचे कागद १९९८नंतर असण्याचं कारणच नव्हतं. ‘सर्व्हिस रेकॉर्ड द्या’ म्हणालात की ‘नष्ट झाले’ हे खरं उत्तर येतं, आणि माणूस तिथेच हात टेकतो. पण लाँग रोल नावाची नोंदवही कायम ठेवतात. नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख आणि सुटण्याचं कारण, हे त्यात राहतं. ‘जळालं बिळालं काय नाय,’ काका म्हणाले, ‘विचारायचं कसं ते कळलं पायजे.’

बाबा पळून आले होते का, हेही मी विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पळणारा जमालपुरात पळाला असता. तू कागद माग, पोरी. माझ्या सांगण्याला भावकी काय किंमत देणार?’

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. उन्हं कलल्यावर त्यांचा नातू खांबांखालून आम्हाला फाट्यापर्यंत पोचवून गेला. येताना सव्वा तास लागला. चौथ्या दिवशी तवसाळहून फेरीबोटीने जयगड, तिथून रत्नागिरी. फेरीबोट उत्तम, गाडीसह जाता येतं. वाटेत गणपतीपुळ्याला दर्शन झालं.

रत्नागिरीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. इथे सांगायचं ते एवढंच की हातात नंबर असेल तर बोलणं पाच मिनिटांत मुद्द्यावर येतं, नसेल तर दिवस जातो. बाबांचा मृत्यूचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आईचं आधार, लग्नाचा पुरावा, मेडलचे आणि पेटीचे फोटो, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स न्या. अर्ज आईच्या सहीने केला, कारण विधवा जिवंत असताना मागण्याचा पहिला हक्क तिचा.

बेळगावला जाऊ नका. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस तिथे आहे म्हणून लोक आंबोली घाटातून धावत सुटतात. आमचं सगळं काम पोस्टाने झालं. आईचा अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने बेळगावला पाठवला आणि त्याच दिवशी मी माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन भरला, फी दहा रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करता येतं, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. अर्जात तीन आणि आठ असे दोन्ही नंबर दिले, दोन्ही आडनावं दिली, वडिलांच्या वडिलांचं नाव, गाव, तालुका, भरतीचं साल दिलं, आणि मागितलं एकच: लाँग रोलमधील नोंदीचा साक्षांकित उतारा. नंबर अजिबात मिळाला नाही तरी एवढ्या तपशिलावर अर्ज जरूर करा.

प्रत्येकाचं ऑफिस वेगळं असतं, हे न पाहता लोक भलतीकडे अर्ज टाकतात. महार रेजिमेंटचा माणूस असेल तर मध्य प्रदेशात सागर. बॉम्बे सॅपर्स असेल तर पुण्याला खडकी. तोफखाना नाशिक रोड, सिग्नल्स जबलपूर. आपल्या किनाऱ्यावर घरटी नौदलातला माणूस असतो, त्यांच्यासाठी मुंबईत मानखुर्दला ब्युरो ऑफ सेलर्स आहे.

सत्ताविसाव्या दिवशी बेळगावहून पाकीट आलं. एकच पान. शेवटचा आकडा आठ. सेवेचे बाकीचे कागद मुदतीनंतर नष्ट केले आहेत, असं एका ओळीत. आणि खाली सुटण्याचं कारण: स्वतःच्या विनंतीवरून, कौटुंबिक अडचणींमुळे. तारीख फेब्रुवारी १९७३ची. आजोबा त्याआधी तीन महिन्यांपूर्वी गेले होते. घरात आजी, दोन न लग्न झालेल्या आत्या आणि शाळेत जाणारे काका. त्यांना सांभाळायला बाबा पलटण सोडून आले, आणि त्याच घरातून पळपुटेपणाचा शब्द त्यांना आयुष्यभर ऐकावा लागला. त्यांनी एकदाही उलट सांगितलं नाही. या गणपतीत ते पान मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. कुणी काही बोललं नाही. काका तेवढे उठून अंगणात गेले.

आईचं ओळखपत्र अजून व्हायचंय. दोन आडनावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करायला सांगितलंय, ते या आठवड्यात होईल. तुम्ही ते आधीच करून न्या, एक फेरी वाचेल. सड्यापलीकडच्या काकांना उताऱ्याची झेरॉक्स पोस्टाने पाठवली नाही. दसरा झाला की स्वतः घेऊन जाणार आहे, आत्यालाही फाट्यापर्यंत गाडीने नेऊन, सकाळी सातच्या आत, खांबांच्या खालून.