मनीच्या मानेवरचे केस गेले तेव्हा

मानवतच्या आमच्या जुन्या माळवदाच्या घरात मांजर असतं ते उंदरांसाठी. त्याला औषधपाणी करायचं असतं, हे सासूबाईंना आजही पटलेलं नाही. पण पावसाळ्यात मनीला पिसवा झाल्या, लेकरांच्या पोटऱ्यांवर गांधी उठायला लागल्या, आणि मी फिप्रोनिल या पिसवा मारायच्या औषधाचे मांजरांसाठीचे थेंब आणले. 0.5 मिलीची नळी. मानेमागचे केस बाजूला सारून, जिथं तिची जीभ पोचत नाही तिथं कातडीवर रिकामी केली.

केस तेलकट होऊन चिकटले. तेवढं होतंच म्हणे. पण नंतर ती तिथंच खाजवत सुटली, कातडी लालभडक झाली आणि केस झडून चट्टा उघडा पडला. सासूबाईंनी करंजाचं तेल काढलं, शेजारच्या काकू म्हणाल्या, "हळद भर गं." मी दोन्हीला नको म्हणलं. मांजर ज्या पायानं खाजवतं तोच पाय नंतर चाटतं.

टोपलीत घालून एसटीनं परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठलं. सगळी बस तिचं रडणं ऐकत आली.

डॉक्टर मॅडमनी मान पाहिली आणि लगेच शेपटीच्या बुडाकडं वळल्या. केस उलटे केले तर खाली बाजरीएवढ्या खपल्या! बारीक कंगव्यानं काळे कण काढून ओल्या कापसावर ठेवले, तशी त्यांच्याभोवती लाली पसरली. पिसवेची विष्ठा, म्हणजे मनीचंच पचलेलं रक्त. "ताई, हे दोन वेगळे आजार आहेत. खपल्या पिसवेच्या लाळेच्या ॲलर्जीच्या. मानेवरचं औषधामुळं, नाहीतर ते ज्या अल्कोहोलात विरघळवतात त्यामुळं."

जागा कोमट पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुतली, खाजेचं इंजेक्शन दिलं, खाजवता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घातली. कार्डावर लाल शाईनं लिहिलं: फिप्रोनिल नको, पुढं सेलामेक्टिन. पिसवांचंच दुसरं औषध.

आमच्याकडं दुकानदार कुत्र्याचंच औषध "थोडं कमी टाका" म्हणून देतात, ते चालतं का, असंही विचारून घेतलं. मॅडमचा आवाजच चढला. कुत्र्याच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि मांजराच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो.

खरं काम घरी होतं. पिसवेची मादी रोज 40-50 अंडी घालू शकते, ती अंगावरून गळून फटीत आणि अंथरुणात पडतात. कोष तर महिनोन् महिने तग धरतात. मांजराचं औषध न पटलेल्या सासूबाईंना हे मात्र ताबडतोब पटलं. वाकळा त्यांच्या ना! सगळ्या कढत पाण्यात काढून माळवदावर वाळवल्या, फटी लिंपल्या, कोपरे रोज झाडले.

कॉलर निघायच्या आधीच चट्ट्यावर लव आली. सेलामेक्टिन लावलं त्या दिवशी आधी जागेचा फोटो काढून ठेवला आणि संध्याकाळी ताडून पाहिलं. लाली नव्हती.