फळ्यावरची जोडी

आज दुपारी दादाचा संदेश आला, 'यू आर बेअरिंग द होल बर्डन अलोन', आणि तेव्हापासून आईकडे पाहताना मला उगीचच अपराधी वाटते आहे. त्याने कौतुकानेच लिहिले आहे, हे मला कळते. पण बर्डन, म्हणजे ओझे? रिस्पॉन्सिबिलिटी लिहिले असते, तर काय बिघडले असते?

योगायोग असा, की सकाळीच नवी पेठेतल्या शिकवणीत मी कोणत्या इंग्रजी नामाबरोबर कोणते क्रियापद येते, अशा जोड्या फळ्यावर लिहून दिल्या होत्या. बर्डनबरोबर बेअर, कॅरी, शेअर. रिस्पॉन्सिबिलिटीबरोबर टेक किंवा शोल्डर, आणि ती टाळायची असेल तर शर्क. ड्यूटीला डिस्चार्ज लागते, म्हणजे कर्तव्य पार पाडणे, हे समजावताना मार्चमधली रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी गेलेली दुपार आठवली, ते असो.

संध्याकाळी शब्दकोश उघडला. बर्डन हा बेअरच्याच मुळातून आलेला, म्हणजे जे वाहायचे ते. आणि बेअरचा आणखी एक अर्थ मूल जन्माला घालणे. जिने आम्हा दोघांना नऊ नऊ महिने वाहिले, तिच्यासाठीच दादाला हा शब्द सापडावा, या विचाराने घसा दाटून आला आणि मी बराच वेळ स्वतःचीच कीव करत बसले.

मग मराठी आठवली. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? जबाबदारी अंगावर पडते, पेलली तर शाबासकी मिळते आणि नको असेल तर ती धुळीसारखी झटकता येते. 'आईचे सगळे माझ्यावरच आहे' हे वाक्य मी भाजीवालीपासून आत्यापर्यंत कितीजणांना ऐकवले असेन. त्यात ओझे हा शब्द नसतो, इतकेच. शिवाय माझा जन्म झाला तेव्हा वाड्यातल्या बायकांनी 'डोक्यावर ओझे आले हो' असे आईला ऐकवले होते, हे तिनेच मला हसत हसत सांगितले आहे. ते ओझे आता तिला रोज आंघोळ घालते.

जेवताना तिने विचारले, "दादा काय म्हणतोय?"

"तुझी चौकशी करतोय."

"मग ये म्हणावे."

उत्तर द्यायचे राहिलेच होते. फळ्यावरच्या यादीतले शेअर तेवढे उचलले, त्याला दिवाळीच्या सुट्टीतले १५ दिवस जोडले आणि पाठवून दिले. दोन्ही खुणा निळ्या होऊन आता तास उलटला आहे.