खडकाळ टोकावरून गळ टाकताना: आडोशाची बाजू का निवडली

टोकावर पोचलो तेव्हा समुद्र इतका निवांत दिसत होता की बरोबरचे दोघे लगेच रॉड जोडायला बसले. अंदाजात लाटेची उंची १.२ मीटर होती आणि वारा जवळजवळ नव्हताच. पण दोन लाटांमधला काळ १३ सेकंद दिला होता. खडकावर जाणाऱ्याने उंचीच्या आधी हा आकडा बघावा, असं माझं ठाम मत आहे.

७ सेकंदांची लाट खोल पाण्यात साधारण ७६ मीटर लांब असते, १३ सेकंदांची २६० मीटरच्या पुढे जाते. उंची तेवढीच असली तरी लांब लाट जवळपास दुप्पट जोर घेऊन येते. आणि ती लांबून ओळखू येत नाही. पाणी नुसतं फुगल्यासारखं वाटतं आणि मग खडकावर चढतच राहतं. त्यात अंदाजातली उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. दिवसभर थांबणार असाल तर तिच्या दुप्पट उंचीची एखादी लाट येणारच, असं धरून चाला.

म्हणून आधी वर, कोरड्या कातळावर बसून अर्धा तास नुसतं बघत राहिलो. कंटाळा येतो, पण हा अर्धा तास सोडू नका. पहिली दहा-बारा मिनिटं काहीच घडलं नाही. मग चार-पाच मोठ्या लाटा पाठोपाठ आल्या आणि टोकाची जी सपाट पायरी सगळ्यांच्या मनात भरली होती, ती पुरती धुऊन गेली. दहा मिनिटं बघून उतरलो असतो तर आम्ही तिथेच उभे असतो. पायरी दिसायला सुंदर होती, समोर खोल पाणी, गळ टाकायला मोकळी जागा. पण तिथे जायला एक घळ ओलांडावी लागते आणि भरती निम्मी झाली की ती घळ भरते.

भरतीचा हिशेब सोपा आहे. त्या दिवशी ओहोटी सव्वासहाला पूर्ण होत होती, भरती साडेबाराच्या सुमाराला, आणि पाणी २.४ मीटर चढणार होतं. ते एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात बारावा भाग, म्हणजे २० सेंटिमीटर, दुसऱ्यात ४०, तिसऱ्या-चौथ्या तासात ६०-६०, मग पुन्हा ४० आणि २०. पहिले दोन तास पाणी जागचं हललं नाही असं वाटतं, आणि पुढच्या दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते. माणसं अडकतात ती याच वेळात, कारण तेव्हाच मासाही लागायला लागतो आणि लक्ष दोरीकडे असतं.

पायरी सोडून आडोशाच्या बाजूला गेलो. कुठे उभं राहायचं ते खडकच सांगतो. बार्नकलचा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचवाल्या जिवांचा, खडबडीत पट्टा आहे तिथवर पाणी नेहमीच येतं. त्याच्या वरचा काळपट, बुळबुळीत पट्टा तुषारांनी ओला राहतो आणि पाय सर्वांत जास्त तिथेच घसरतात. उभं राहायचं ते त्याच्याही वर. साधे रबरी तळवे ओल्या काळ्या खडकावर कुचकामी ठरतात, खिळे असलेले बूट घ्या.

या बाजूला लाट खडकाला वळसा घालून येत होती, त्यामुळे पाणी पांढरं होतं पण उसळत नव्हतं. शिकारी मासे अशाच फेसाच्या कडेला टपून असतात. मोठ्या लाटा येऊन गेल्या की फेस पसरतो, त्या उसंतीत लूर (नकली आमिष) फेसाच्या पलीकडे टाकून त्याच्यातून ओढायचा. एक कोकर असाच लागला. तळाला आमिष लावून बसलेल्याला गोबरा लागला आणि क्षणात कपारीत शिरला. गोबऱ्याला पहिल्या काही सेकंदांत रोखला नाही तर तो बिळात जातोच, म्हणून रीलचा ब्रेक आधीपासून घट्ट हवा. आत गेलाच तर ओढाताण करू नका. दोरी पूर्ण सैल सोडा आणि काही मिनिटं थांबा, कधीकधी तो आपणहून बाहेर येतो. आमचा आला नाही.

गळ तळाला नेणारं वजन, म्हणजे शिसं, अडकणारच. ते मुख्य दोरीपेक्षा कमजोर तंगुसाच्या तुकड्यावर बांधा, म्हणजे फक्त शिसं जातं, गळ आणि मासा हातात राहतो. ब्रेडेड (विणलेली) दोरी खडकाला घासली की लगेच तुटते, पुढे जाड तंगुसाचा लीडर, म्हणजे गळाच्या बाजूचा तुकडा, लावाच.

मासा वर घेताना खाली उतरू नका. वर येणाऱ्या लाटेबरोबर त्याला खडकावर सरकू द्या, पाणी मागे जाताना दोरी ताणून धरा, पुढच्या लाटेला पुन्हा वर घ्या. उंच कातळ असेल तर दोरीने सोडायची जाळी न्या. मासा सुटला तर सुटला.

लाइफ जॅकेट पहिल्यापासून अंगावर हवं, पिशवीत नको. समुद्राकडे पाठ करून गळ बांधत बसू नका. आणि कोणी पडलंच तर मागून उडी मारू नका. तरंगणारी लांब दोरी किंवा रिंग फेका. पडलेल्याने खडकाला धरायला धडपडू नये, खडकापासून लांब, लाटा फुटतात त्याच्या बाहेर पोहत जावं आणि तिथे तरंगत मदतीची वाट बघावी. सगळ्यांत जास्त इजा खडकावर आपटून होते. हे आम्ही वर बसल्या बसल्याच बोलून घेतलं होतं, दोरी कोणाच्या हाताशी राहील तेही. ढग गडगडायला लागले तर कार्बनचा रॉड लगेच खाली ठेवा, त्यातून वीज वाहते.

अकराला आवरलं. मासा अजून लागत होता, त्यामुळे बरोबरच्यांची कुरकुर झाली, पण ओल्याची रेघ आमच्या सामानापासून हातभरच खाली राहिली होती.

त्या पुढच्या पायरीवरच जायचं असेल तर अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस निवडा, तेव्हा पाण्याची चढउतार कमी असते. लाटांमधला काळ आठ सेकंदांच्या आत असू द्या, उंचीही अर्धा-पाऊण मीटरच. आणि घळ ओलांडायची ती ओहोटी चांगली लागल्यावर, म्हणजे परतायला पुरेसा वेळ राहतो. पाणी पुन्हा चढायला लागलं की सामान उचला.