टेबल अपडेट: चालत्या मोटरवर स्ट्रोक शून्य, आणि आता कपल

तुळशी वृंदावनाचे पॅनेल ओतताना साचा हलवून मालातले बुडबुडे काढणारं माझं व्हायब्रेटिंग टेबल, फिरत्या शाफ्टवरच्या एका बाजूला कललेल्या वजनांनी हलणारं. चालत्या मोटरवर त्याचा स्ट्रोक, म्हणजे हलण्याची लांबी, बदलतोय, मंडळी! स्ट्रोक मोजायच्या V स्टिकरवर 1 मिमीपासून जवळजवळ शून्यापर्यंत, मोटर 2850 आरपीएमवर तशीच, ड्राइव्हला (मोटरची गती बदलणाऱ्या पेटीला) हातही न लावता. गेल्या वेळी टेबलाखालच्या रबर पॅडवर गाडी अडली होती, तिथून पुढचं.

रबरचं प्रकरण आधी मिटवतो. साचा धरून 40 किलोचं टेबल पॅडवर 0.6 मिमी दबलं, म्हणजे रेझोनन्स (ज्या गतीला टेबल आपोआप जोरात डोलतं ती) 20 हर्ट्झच्या, म्हणजे 1200 आरपीएमच्या आसपास. पाव एचपीची मोटर तिथे पोचली की ड्राइव्हचा आकडा चढत जातो, टॅको (खरी गती दाखवणारा मीटर) मात्र 1200 ला चिकटलेला. जास्तीची सगळी शक्ती टेबल नाचवण्यात जिरते, आणि शेवटी ड्राइव्ह ओव्हरलोड दाखवून गप्प. हाच जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्डने 1902 मध्ये दाखवलेला प्रकार. दीड एचपीची मोटर लावून सुटलं असतं, पण तो इलाज नव्हे, दांडगाई.

म्हणून परत स्प्रिंग. त्या 4 मिमी दबतात, रेझोनन्स 8 हर्ट्झ, 470 आरपीएम. गती चढताना तो टप्पा कळतही नाही. उतरताना मात्र मोटर सावकाश मंदावते आणि 470 पाशी टेबल उसळ्या मारतं. वृंदावनाच्या पॅनेलमध्ये देवळीचे कोपरे तोवर छान भरून आलेले असतात. या दोन-चार गचक्यांत माल साच्याची कड सोडतो आणि हवा परत आत शिरते. साचा उघडला की तोंडावर देवीचे व्रण.

"गती कमी कर, स्ट्रोक आपोआप कमी होईल," असं अजूनही कुणी ना कुणी सुचवतं. होत नाही. रेझोनन्सच्या बऱ्याच वर गेल्यावर अॅम्प्लिट्यूड (स्ट्रोकचा अर्धा) म्हणजे कललेलं वजन गुणिले त्रिज्या, भागिले टेबलाचं वजन. माझे 20 किलो-मिमी भागिले 40 किलो, अर्धा मिमी, म्हणजे स्ट्रोक 1 मिमी. त्यात आरपीएम कुठेच नाही. गती कमी केली की जोर वर्गाने घटतो आणि 4.5 जीचा (जी म्हणजे गुरुत्वाच्या किती पट धक्का) दीड जी होतो. स्ट्रोक तेवढाच राहतो. बुडबुडे काढायला लागतो तो जी.

तेव्हा बदलायचा तो एक्सेंट्रिक मोमेंटच, म्हणजे तो वजन गुणिले त्रिज्येचा आकडा. आधी रोड रोलरवाली युक्ती केली: एक वजन शाफ्टला पक्कं, दुसरं सैल आणि अडणीला टेकणारं. सुलट फिरवलं की दोन्ही एका बाजूला, उलट फिरवलं की समोरासमोर. दोन स्ट्रोक मिळतात आणि काम अगदी सोपं. पण उलट फिरवायला थांबावं लागतं, आणि थांबायचं म्हणजे पुन्हा 470 मधून जायचं. ठेवली बाजूला. मोठे व्हेरिएबल मोमेंटचे व्हायब्रो-हॅमर पाइल ठोकताना वेगळं करतात: वजनं समोरासमोर ठेवून पूर्ण गती घेतात, मग जुळवतात, आणि बंद करण्याआधी पुन्हा समोरासमोर नेतात. तेच हवं होतं.

सध्याची रचना: 25 मिमीच्या शाफ्टवर एक वजन पक्कं, दुसरं हबवर मोकळं, मध्ये तिरप्या खाचेची स्लीव्ह. स्लीव्ह 30 मिमी सरकली की हब 180 अंश फिरतो. सरकवायला थ्रस्ट बेअरिंग आणि जुन्या चेतकचा क्लच लिव्हर, केबलसकट. आधीची स्लीव्ह 10 मिमीतच 180 अंश फिरवायची. ती इतकी अडायची की लिव्हर वाकला. साध्या एमएसच्या (मऊ पोलादाच्या) पिनलाही बुरी, म्हणजे धातूची कड, आली. आता पिनच्या जागी बेअरिंगमधला रोलर आहे, तो ओरखडाही घेत नाही. खाच बेतोड्याच्या एका टर्नरने इंडेक्सिंग हेडवर (काम मोजून फिरवणाऱ्या जोडणीवर) काढून दिली, काम लोण्यासारखं. ऑनलाइन मागवलेल्या थ्रस्ट बेअरिंगबद्दल मात्र न बोललेलं बरं. वॉशरवर डबीतूनच चरे पडून आले होते.

आणि खरी मजा पुढे. लिव्हर सोडला की वजनं आपणहून समोरासमोर जातात! आधी वाटलं स्लीव्ह निसटली. मग डोक्यात आलं: वॉशिंग मशीनच्या बॅलन्स रिंगमधलं मिठाचं पाणी हेच करतं. रेझोनन्सच्या वर मोकळं वजन असमतोलाच्या विरुद्ध बाजूला पळतं. म्हणजे लिव्हर फक्त जोर हवा तेव्हा धरायचा. ताणकाट्यावर 2 किलोच्या आसपास भरतो, दोन बोटांचं काम. पण रेझोनन्सच्या खाली हीच वजनं एकत्र यायला बघतात, म्हणून 180 अंशांवर स्प्रिंग-बॉलचा खटका हवाच. तो बसवला आणि थांबताना टेबलावर ठेवलेला पाण्याचा पेला सांडला नाही. शेजारच्या काकींनीही आज भांडी वाजल्याची तक्रार केली नाही.

मोजमाप V स्टिकरवरच करा, फोन टेबलावर ठेवू नका. कॅमेऱ्याची वाट लागते.

लिव्हरची चाल अजून नीट नाही. दोन वजनांच्या जोराची बेरीज त्यांच्यातल्या कोनाच्या अर्ध्याच्या कोसाइनने जाते: 60 अंशाला 87 टक्के, 90 ला 71, 120 ला 50. निम्मी ताकद शेवटच्या 60 अंशांत, त्यामुळे बारीक स्ट्रोक धरताना हात थरथरतो. पुढची खाच सरळ तिरपी न काढता शेवटाला सपाट होत जाणारी काढावी असं ठरवत होतो. पण हे लिहिता लिहिताच सुचतंय, केबलच्या टोकाला गोल पुलीऐवजी कॅम लावला तर तेच काम घरच्या ग्राइंडरवर होईल. स्लीव्हला हात लावायलाच नको. आधी कॅम.

आता उरलंय कपल, म्हणजे वेगवेगळ्या रेषांत उलटसुलट ओढणाऱ्या दोन जोरांची पिळवणूक. 180 अंशांवर जोर शून्य, पण दोन वजनं शेजारी-शेजारी आहेत, एका पातळीत नाहीत, त्यामुळे टेबलाचा एक कोपरा अजून किंचित डुलतो. पक्कं वजन मधोमध घ्यायचं आणि सरकतं वजन अर्धं-अर्धं करून दोन्ही बाजूंना, हबला पुलाने जोडून. शाफ्ट 40 मिमीने लांबवावा लागेल, गार्डही नवा. तुळशीच्या लग्नाआधी चारही बाजूंचे पॅनेल ओतायचे आहेत, त्यामुळे तोवर डुलणाऱ्या कोपऱ्याकडे दुर्लक्ष. स्टॉप बटण दाबलं की आधी लिव्हर सुटेल आणि दोन सेकंदांनी मोटर बंद होईल, असा सोलेनॉइड आणि टायमर मात्र याच आठवड्यात बसवतोय. 12 व्होल्टचा, दोन-तीन किलो ओढणारा सोलेनॉइड कुणाकडे पडून असेल तर सांगा. फोंड्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.