डेन्व्हर ते मोॲब: पायलटच्या मागे १८ फुटी ट्रेलर आणि बाबांची बैलगाडी

ऑक्टोबरात मुलाच्या फॉल ब्रेकमध्ये आम्ही डेन्व्हरहून युटातल्या मोॲबला ट्रेलर ओढत जाऊन आलो. मी, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि सांगलीहून आलेले माझे बाबा. गाडी होंडा पायलट, ऑल व्हील ड्राइव्ह, मागे सेकंडहँड घेतलेला १८ फुटी कॅम्पिंगचा ट्रेलर, आत पलंग असलेलं चाकांवरचं छोटं घरच. बऱ्याच जणांनी विचारलं की फॅमिली एसयूव्हीला हे झेपतं का, पिकअप घ्यावा लागतो का, म्हणून सविस्तर लिहितोय. झेपतं, पण पहिल्या तासाभरातच आमची अशी तंतरली होती की परत फिरायचं ठरवलं होतं.

झालं असं की डेन्व्हर सोडून आय-७० हायवेवर जेनेसीचा चढ आरामात चढलो, मी खूश, आणि पुढे फ्लॉइड हिलचा उतार लागला. डावीकडून एक मोठा ट्रक गेला आणि त्याच्या हवेने ट्रेलरचं ढुंगण हललं. मग परत हललं, जास्त. तिसऱ्या वेळेला पायलटची मागची बाजू पण त्याच्याबरोबर डुलायला लागली, आरशात ट्रेलर एकदा डावीकडे एकदा उजवीकडे दिसतोय, बायकोने मुलाचा हात घट्ट धरलेला. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो आणि तेच करायचं नसतं. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं, आणि ब्रेक कंट्रोलरची (ड्रायव्हरजवळ बसवलेला, ट्रेलरचे ब्रेक चालवणारा डबा) लिव्हर हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, म्हणजे ट्रेलर मागून ओढला जाऊन सरळ होतो. हे मी व्हिडिओत पाहिलं होतं म्हणून आठवलं. दहा सेकंदांत थांबलं, मला मात्र अर्धा तास वाटला.

आयडाहो स्प्रिंग्जला एक्झिट घेऊन एका पार्किंग लॉटमध्ये थांबलो. हात थरथरत होते. बाबा उतरले, ट्रेलरला एक फेरी मारली, मागच्या रॅकवरच्या सायकली बघितल्या आणि म्हणाले, "अरे, गाडी उलाळ झालीये तुझी." लहानपणी गावाकडे बैलगाडीत पोती भरताना बघितलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं की धुरजड, सगळा भार बैलांच्या मानेवर. मी दोन महिने इंग्रजीत जे वाचत होतो ते टंग वेट म्हणजे हेच, आणि आमच्या पायलटच्या जागी बैल समजा.

नियम असा की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढे हिचच्या बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर, पडलं पाहिजे. त्याच्या खाली गेलं की ट्रेलर शेपटीसारखा हलतो. मी काय केलं होतं तर दोन सायकली आणि रॅक मिळून ११० पौंड अगदी मागच्या बंपरवर, शिवाय मागच्या पलंगाखाली तांदूळ, पाण्याच्या बाटल्या, टूलबॉक्स, कास्ट आयर्नचा तवा, कारण तिथे जागा होती. जागा आहे म्हणून सामान तिथे ठेवायचं नसतं हे आता कळलं. लॉटमध्येच सगळं उपसलं, सायकली जुन्या चादरीत गुंडाळून ट्रेलरच्या आत एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे आडव्या टाकल्या, जड सामान पुढे आणलं. पुन्हा हायवेला लागलो तर ताशी ६० मैलांच्या स्पीडला ट्रक गेला तरी नुसता एक हलकासा धक्का, बस्स.

पुढे एका ट्रक स्टॉपवर वजन केलं, जे खरं म्हणजे घरून निघतानाच करायला हवं होतं. ट्रकवाल्यांसाठी कॅट स्केल नावाचे मोठे वजनकाटे असतात तिथे कोणीही जाऊ शकतं. एकदा ट्रेलर जोडून वजन, मग ट्रेलर बाजूला सोडून नुसत्या गाडीचं, दोन्हीतून टंग वेट निघतं. आमचा ट्रेलर भरून ३४८० पौंड, टंग ४३०, म्हणजे साधारण १२ टक्के. हिशोब उलटा केला तर सायकली मागे असताना ते जेमतेम २३० असणार. सात टक्के पण नाही!

आता झेपण्याबद्दल. आमची पायलट ५००० पौंड ओढते असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल वाचा, गाडीत माणसं वाढतील तसा तो आकडा कमी होत जातो. आणि फॅमिली एसयूव्हीत आधी संपतं ते पेलोड. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती त्याचं. आमचं १३८० पौंड. चार माणसं ५९०, टंग ४३०, हिचचा बॉल माउंट २५, डिकीतलं सामान २४०, झाले १२८५. उरले ९५. म्हणजे आई पण आली असती (ती न्यू जर्सीला बहिणीकडे होती) तर सामान कमी करावं लागलं असतं. अजून एक, पायलटच्या मॅन्युअलमध्ये वेट डिस्ट्रिब्युशन हिच (टंगचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी) वापरू नका असं लिहिलंय, त्यामुळे कोणी सांगितलं म्हणून डोळे झाकून लावू नका, आपापल्या गाडीचं बघा. ब्रेक कंट्रोलर मात्र हवाच, त्यासाठी ७ पिनचं कनेक्शन लागतं, ४ पिनवाल्यावर फक्त दिवे चालतात.

उंचीचा फटका. आयझेनहॉवर टनेल ११,१५८ फुटांवर आहे, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के कमी होते. म्हणजे पायलटचे २८० हॉर्सपॉवर वर पोचेपर्यंत दोनशेच्या खाली. जॉर्जटाउनच्या पुढे उजव्या लेनमध्ये, ४० च्या स्पीडने, इंजिन ५००० आरपीएमला ओरडतंय. बायको म्हणाली तुटणार काहीतरी. काही होत नाही, फक्त टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा आणि लाज सोडा, मागच्यांना जाऊ द्या.

खरी परीक्षा टनेलनंतर. सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांच्या आसपासचा लांबच लांब उतार, मधे ब्रेक फेल झालेल्या ट्रकांना थांबायला रनअवे रॅम्प सुद्धा आहेत. बोगद्यातून बाहेर पडतानाच स्टीअरिंगमागच्या पॅडलने खालच्या गिअरमध्ये या, उतार सुरू झाल्यावर नाही. मी ४५-५० ठेवला, ५० च्या वर गेला की ब्रेक जोरात दाबून ४२ ला आणायचा आणि सोडून द्यायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. खाली पोचल्यावर थोडा वास आलाच, पण तो कंट्रोलरचा गेन (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागतील ते सेटिंग) मी कमी ठेवला होता म्हणून, सगळं काम गाडीचे ब्रेक करत होते. रिकाम्या सपाट रस्त्यावर २५ च्या स्पीडला लिव्हर दाबून बघा, ट्रेलरची चाकं लॉक होतील त्याच्या जरासं खाली गेन ठेवा. सामान बदललं की परत.

ग्लेनवूड कॅन्यन सुंदर, पण ड्रायव्हरला काही दिसत नाही, वळणंच वळणं.

मुक्काम फ्रूटाच्या स्टेट पार्कमध्ये केला, तिथे पाणी, वीज, ड्रेन सगळं मिळतं. अंधारात रिव्हर्स लावायला मला ३५ मिनिटं लागली. हात स्टीअरिंगच्या तळाशी धरा, ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात न्या, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाशी फोनवर बोला, हातवारे नकोत. आमच्याकडे मागे बाबा "येऊ दे, येऊ दे" म्हणत होते, एसटी स्टँडसारखं, मुलगा दुसऱ्या बाजूने स्टॉप ओरडत होता. हिच काढायच्या आधी ट्रेलरच्या चाकांना चॉक (अडसर) लावा, हे कितीही थकलात तरी.

फ्रूटाहून मोॲब शंभर मैल. पेट्रोल भरूनच निघा. एकटी पायलट हायवेला गॅलनला २२-२३ मैल मायलेज देते, ट्रेलर लावून ११, आणि युटाच्या वाळवंटात समोरून वारा सुटला तेव्हा साडेआठ. लिमिट ८० असली तरी ६० च्या वर गेलो नाही, कारण ट्रेलरचे बरेचसे टायर ६५ पुरतेच बनवलेले असतात, आणि टायर किती जुने ते साइडवॉलच्या शेवटच्या चार आकड्यांवरून कळतं, आठवडा आणि वर्ष. हायवे १२८ नदीकाठचा देखणा आहे पण अरुंद, ट्रेलर असेल तर १९१ नेच जा.

मोॲबजवळच्या डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्कला दोन रात्री होतो. साइटवर वीज आहे, पाणी भरायची सोय नाही, ते आधी भरून न्यावं लागतं, आणि बुकिंग चार महिने आधी उघडतं तेव्हाच करा. आमची ३० गॅलनची टाकी एक्सलच्या मागे आहे, भरली की २५० पौंड मागे, परत उलाळ! म्हणून टाकी पाव भरली आणि सहा गॅलनचे चार कॅन पुढच्या भागात ठेवले. हे बाबांच्या डोक्यातून निघालं. चौघांना दोन दिवस पुरलं, आंघोळी मोजून. सकाळी सहाला दोन हजार फूट खाली कोलोरॅडो नदीचं ते वळण, थंडीत आल्याचा चहा आणि थालीपीठ. बाबा तासभर काही बोलले नाहीत.

परत येताना रविवार टाळा, स्की सीझन नसला तरी दुपारनंतर डेन्व्हरकडे जाणारा आय-७० तुंबतो. आम्ही मंगळवारी आलो. शिवाय सप्टेंबर ते मे आय-७० वर डॉट्सेरो ते मॉरिसन ट्रॅक्शन लॉ (बर्फात पकड असलेले टायर हवेत असा नियम) असतो, टायरच्या खाचा किती उरल्यात ते बघून निघा.

सायकली एवढ्या लांब नेल्या आणि चालवल्या एकदाच, तीही पाऊण तास. पुढच्या वेळी मोॲबलाच भाड्याने घेणार.